धुतलेला रुपया, रंगवलेला रुपया : जुन्या चांदीच्या नाण्यांची पारख

मराठीत नाण्यावरून आलेले बहुतेक शब्दप्रयोग कानाशी संबंधित आहेत. खणखणीत नाणे, बद्द वाजणारा रुपया, वाजवून घेणे हे सारे सराफाच्या पेढीवरचे. रुपया दगडी फरशीवर टाकला की चांगल्या चांदीचा नाद लांबत जाई आणि शिसे किंवा कथील मिसळलेला तुकडा बद्द आवाज करून थांबे. ‘पारख’ हा शब्द ‘परीक्षा’वरून आला, ‘सराफ’ अरबीतून आणि ‘टांकसाळ’ संस्कृत ‘टंकशाला’वरून. या शब्दांच्या मागे जी परीक्षा उभी आहे तिला एकच प्रश्न ठाऊक होता : धातू खरा की खोटा?

आज जुनी नाणी हाताळणाऱ्यापुढे दुसराही एक प्रश्न असतो. नाणे अस्सल आहे, वजन बरोबर आहे, चांदी पुरी आहे. पण टांकसाळीतून बाहेर पडल्यावर केव्हातरी ते घासले गेले, आम्लात बुडवले गेले किंवा मुद्दाम रंगवले गेले आहे का? याचे उत्तर आवाज देत नाही. घासलेला रुपया न घासलेल्या इतकाच खणखणीत वाजतो. येथे डोळा, एक दिवा आणि एक भिंग लागते.

वार्षिकाच्या वाचकांना हा विषय आडवाटेचा वाटेल, म्हणून थोडे स्पष्टीकरण. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, गोवा येथील जुन्या मराठी घरांतून चांदीची नाणी अजून निघतात. कुणी ती शाळेच्या संग्रहाला देतात, कुणी विकतात. स्थानिक इतिहासावर लिहिणारे विद्यार्थी त्यांची छायाचित्रे निबंधात वापरतात. नाणे हा लिहिलेला पुरावा आहे. त्यावर अक्षरे आहेत, सन आहे, राजाचे नाव आहे. आणि अक्षरांइतकाच त्याचा पृष्ठभागही बोलतो. ते किती फिरले, किती काळ पडून राहिले, कुणाच्या गळ्यात होते, हे त्या कातडीवरून कळते. घासले की ही माहिती जाते आणि कोणत्याही उपायाने परत येत नाही. शिवाय विकणारा घासलेले नाणे ‘टांकसाळीतून आल्यासारखे’ म्हणून आणि रंगवलेले नाणे ‘दुर्मीळ’ म्हणून विकतो, तेव्हा घेणाऱ्याचे पैसेही जातात.

कोणती नाणी

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडतो तो ब्रिटिश अमलातला रुपया. १८३५ पासून तो एका मापाचा झाला : वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. उरलेले बहुतांशी तांबे. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात चांदी उरलीच नाही, तो निकेलचा झाला. गोव्यात १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८१ पासून राजा लुईश पहिला याच्या मुखवट्याचा जो रुपया निघाला, त्याचे वजन आणि कस ब्रिटिश रुपयासारखाच ठेवलेला होता. हैदराबादचा चारमिनारचा हाली सिक्का मात्र वेगळा : वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के. वडोदऱ्याला सयाजीराव तिसरे यांच्या काळात यंत्रावर पाडलेले, मुखवट्याचे आणि नागरी अक्षरांचे रुपये निघाले; त्याआधीचे हातोड्याने पाडलेले. होळकरांच्या रुपयांवर सूर्यमुख, शिवलिंग, बेलाचे पान अशा खुणा सापडतात.

हे सांगण्याचे कारण असे की कस बदलला की रंगही बदलतो. तांबे जास्त असलेल्या हाली सिक्क्यावर तपकिरी झाक लवकर येते. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयावर निळाजांभळा सुंदर रंग सहसा चढत नाही, तो मळकट राखाडी होतो. तेव्हा १९४४ चा रुपया कुणी मोरपिसासारखा रंगीत म्हणून पुढे केला, तर घेणाऱ्याने तिथेच थांबून भिंग काढावे.

घरातल्या नाण्यांची साफसफाई

नाणी घासण्याचा दोष व्यापाऱ्यांवरच टाकण्यात अर्थ नाही. आपल्या घरांत ही प्रथा लक्ष्मीपूजनापासून आहे. आश्विन अमावास्येला तबकात चांदीचा रुपया ठेवायचा, त्याला दुधाने, पंचामृताने स्नान घालायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि पूजेआधी किंवा नंतर तो लखलखीत करायचा. त्यासाठी चिंच, रिठा, राख, रांगोळी, अलीकडे टूथपेस्ट. १८९० सालचा रुपया तीन पिढ्या पूजेत असेल तर तो शंभराच्या आसपास वेळा घासला गेला असणार. त्यामागची भावना निर्मळ आहे, पण रांगोळी म्हणजे दगडाची पूड, आणि दगडाची पूड चांदीहून कठीण असते.

पूजेतल्या रुपयाची एक खूण सहज ओळखता येते. अक्षरांच्या बुडाशी आणि मुकुटाच्या नक्षीत लालसर किंवा पिवळट कण अडकलेले असतात, ते कुंकू आणि हळद. एरवी सारे नाणे पांढरे शुभ्र. पुष्कळदा छाप्याची बाजू काट्याच्या बाजूपेक्षा जास्त झिजलेली असते, कारण मुखवटा वर ठेवूनच पूजा होते आणि तोच जास्त चोळला जातो. अशा नाण्याला घरात फार मोल असते आणि ते तसेच ठेवावे. ते ‘न वापरलेले’ म्हणून मात्र कुणी विकू नये.

दुसरा मोठा वर्ग दागिन्यांतून सुटलेल्या नाण्यांचा. रुपयाला कडी डाखून तो माळेत ओवत. पुढे कडी काढून टाकतात, जागा कानशीने सपाट करतात आणि नाणे बाजारात येते. हे पाहायचे तर नाणे उभे धरून काठाकडे पाहावे. यंत्रावर पाडलेल्या रुपयाच्या काठावर सारख्या अंतराने दाते असतात. मुखवट्याच्या डोक्यावर बरोबर बाराच्या ठिकाणी ते दाते पुसट किंवा तुटक दिसले, धातूचा रंग थोडा पिवळसर किंवा करडा वाटला, तर तेथे डाख होता असे समजावे. डाखाच्या उष्णतेने भोवतालच्या चांदीची चमकही मरते. नंतर सगळे नाणे आम्लात उजळून घेतले तरी तेवढा चतकोर भाग निस्तेज राहतो.

झळाळी कशी पाहावी

घासलेले नाणे ओळखण्याचा खरा आधार एकच आहे : मूळची झळाळी कशी असते हे ठाऊक असणे. टांकसाळीत चांदीची चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते तेव्हा धातू मधून काठाकडे सरकतो. त्या सरकण्याने पृष्ठभागावर मधून बाहेर जाणाऱ्या अतिसूक्ष्म वळ्या उमटतात. एका उघड्या दिव्याखाली नाणे थोडे तिरपे धरून हळूहळू फिरवले, की या वळ्यांमुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. ट्यूबलाइटखाली किंवा ढगाळ उजेडात हे दिसत नाही. एकच लहान, प्रखर दिवा हवा. ही फिरती झळाळी एकदा डोळ्यांनी टिपली की पुढचे काम सोपे होते, म्हणून नवशिक्याने आधी आजच्या कोऱ्या नाण्यावरच तिचा सराव करावा. पाच रुपयांचे कोरे नाणे पुरते.

नाणे चलनात फिरले की वळ्या झिजतात. आधी उंच भागांवरच्या जातात : व्हिक्टोरिया राणीचे केस, एडवर्डची दाढी आणि कान, पाचव्या जॉर्जच्या झग्यावरची नक्षी. मग मोकळ्या सपाट भागावरच्या. सर्वांत शेवटी अक्षरांच्या कुशीतल्या, कारण तेथे बोट पोहोचत नाही. म्हणून झीज झालेल्या पण न घासलेल्या रुपयावर उंच भाग मऊ राखाडी, मोकळा भाग थोडा गडद आणि अक्षरांच्या आतबाहेर थोडी जुनी चमक, असा क्रम दिसतो. त्यात एक प्रकारची समजूत असते. जेथे हात लागला तेथे झीज, जेथे लागला नाही तेथे मळ आणि चमक.

आता उलट बाजू. राणीचे केस पुसून सपाट झालेले आहेत, सनातले आकडे बोथट आहेत, म्हणजे नाणे वर्षानुवर्षे फिरले आहे. आणि तरी सारा पृष्ठभाग काठापासून काठापर्यंत एकसारखा पांढरा. हे घडू शकत नाही. झिजलेली चांदी हवेत काळवंडते, ती पांढरी राहायची तर कुणीतरी पांढरी करावी लागते. झीज आणि शुभ्रता यांचा मेळ बसत नाही, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी बाजारातली निम्मी घासलेली नाणी ओळखता येतील.

कोणत्या रीतीने घासले, हे भिंगाखाली कळते. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरे. पूड, ब्रश किंवा खरखरीत फडक्याने केसाएवढ्या बारीक रेघा उमटतात. चलनात फिरताना पडलेल्या रेघा वेगवेगळ्या दिशांच्या, लहानमोठ्या, कमीजास्त खोल असतात. घासण्याच्या रेघा एका दिशेने समांतर किंवा गोल गोल फिरलेल्या असतात, आणि अक्षराजवळ आल्या की थांबतात, कारण फडके अक्षराच्या पायाशी पोहोचत नाही. त्यामुळे प्रत्येक अक्षराभोवती काळ्या मळाची एक रेखीव किनार उरते. नाणे एका दिशेने तिरपे केले तर या रेघा लुप्त होतात, दुसऱ्या दिशेने केले की एकदम चमकतात. म्हणून ते चारी बाजूंनी कलवून पाहिल्याखेरीज निकाल देऊ नये. छायाचित्रावरून तर कधीच नाही; चांगला छायाचित्रकार नेमका तो एक कोन टाळतो.

आम्लात बुडवलेल्या नाण्यावर रेघा नसतात, त्यामुळे ते फसवते. सराफा बाजारात चांदी उजळण्यासाठी मिळणारी द्रावणे काळा थर विरघळवतात आणि त्याबरोबर चांदीचाही एक सूक्ष्म पापुद्रा काढतात. एकदा, थोडे सेकंद बुडवले तर तज्ज्ञालाही कळणे कठीण. पुन्हा पुन्हा बुडवले की त्या आऱ्यांच्या वळ्याच झिजतात. नाणे पांढरे दिसते, पण फिरवले तर प्रकाश फिरत नाही. पांढऱ्या रंगाचा हात मारल्यासारखे ते मुके दिसते. नीट धुतले नसेल तर काही महिन्यांनी पिवळे किंवा दुधी ठिपके उमटतात. ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी ही घरगुती रीत तत्त्वतः वेगळी आहे, तिच्यात काळ्या थराची पुन्हा चांदी होते. पण ती चांदी भुसभुशीत बसते आणि परिणाम असाच निर्जीव येतो.

फिरत्या तारेच्या ब्रशने खोटी झळाळी आणण्याचाही एक प्रकार आहे. दुरून नाणे कोरे वाटते. दिव्याखाली फिरवले की चमक जागची हलत नाही, सगळीकडे सारखीच लुकलुकते. भिंगाखाली अक्षरांच्या कडेला सरकवलेल्या धातूची बारीक वरवंडी दिसते.

येथे १९११ च्या रुपयाची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर साखळीत एक हत्ती होता. तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ पासून नक्षी बदलली. त्या वर्षीचा रुपया म्हणून संग्राहकांत प्रसिद्ध आहे. पण हत्ती इतका लहान आहे की रांगोळीने दहाबारा वेळा घासलेल्या रुपयावर हत्ती की डुक्कर हा वाद आपोआप मिटतो.

रंग : खरा आणि लावलेला

चांदीला हवेतला प्राणवायू फारसा काही करत नाही. तिला काळवंडवतो तो गंधक. धुरात, लोकरीत, रबरात, अंड्यात, साध्या कागदात आणि पुठ्ठ्यात गंधकाची संयुगे असतात. त्यांतून निघणारा वायू चांदीशी मिळून सिल्व्हर सल्फाइडचा थर बनवतो. हा थर सुरुवातीला मिलिमीटरच्या काही लाखांश भागांएवढा पातळ असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात, त्यांचेच हे भाऊबंद. संग्राहकांत याला ‘टोनिंग’ म्हणतात आणि मराठीतही तोच शब्द रुळला आहे. आपला जुना शब्द ‘काट’ आहे, पण तो तांब्यापितळेवरच्या हिरव्या थराला जास्त चिकटलेला, म्हणून मीही येथे टोनिंगच म्हणतो.

रंग थराच्या जाडीवर ठरतो, आणि जाडी हळूहळू वाढते, म्हणून रंगांना एक ठरलेला क्रम असतो. आधी फिकट सोनेरी, मग गडद पिवळा, तांबूस, किरमिजी, मग निळा, मग फिकट निळा. थर आणखी वाढला की दुसरे आवर्तन सुरू होते : पुन्हा पिवळा, किरमिजी, आणि आता हिरवा. शेवटी काळपट राखाडी. स्वच्छ हिरवा रंग पहिल्या आवर्तनात येत नाही.

गंधक बाहेरून, बहुधा काठाकडून आत शिरतो. कागदाच्या पुडीत ठेवलेल्या नाण्याचा काठ कागदाला सर्वांत जवळ असतो. म्हणून काठाशी थर जाड आणि मध्ये पातळ. खऱ्या टोनिंगमध्ये काठाकडून मध्याकडे येताना रंग त्याच क्रमाने उलट उतरतात : काठाशी निळा, मग किरमिजी, मग सोनेरी, मध्ये चांदी. पट्टे एकमेकांत विरघळलेले, सीमारेषा न कळणाऱ्या. सोनेरीच्या शेजारी एकदम निळा आला आणि मधला किरमिजी गायब असेल, किंवा चांदीच्या पांढऱ्या भागात अचानक हिरवा डाग असेल, तर तो रंग आपल्या क्रमाने चढलेला नाही. रंगवलेले नाणे ओळखण्याच्या सर्व खुणांत ही मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिच्यामागे भौतिकशास्त्र आहे, कुणाची आवडनिवड नाही.

अपवाद आहेत. नाणी थैलीत एकमेकांवर पडून राहिली तर वरच्या नाण्याने झाकलेला भाग पांढरा राहतो आणि उघडा भाग चंद्रकोरीसारखा रंगतो. तेथे सीमा तीव्र असते, पण ती दुसऱ्या रुपयाच्या गोलाईची असते. कापडाला टेकलेल्या बाजूवर विणीची जाळी उमटते. अमेरिकेतल्या मॉर्गन डॉलरांवरचे प्रसिद्ध इंद्रधनुषी रंग असेच आले. ते डॉलर सरकारी तिजोरीत कापडी पिशव्यांतून दशकानुदशके पडून होते आणि १९६० च्या दशकात बाहेर आले. त्यांना जास्त भाव मिळू लागला आणि जगभर चांदी रंगवण्याचा धंदा सुरू झाला, त्याचे लोण आपल्या रुपयांपर्यंतही पोहोचले. तेव्हा इंद्रधनुषी रुपया समोर आला की पहिला प्रश्न विचारावा : हा इतकी वर्षे कुठे, कशात होता? पुडीत, लाकडी कप्प्यात, थैलीत, ट्रंकेत? रंगाचा नमुना त्या जागेशी जुळला पाहिजे.

रंगवण्याच्या रीती फारशा गूढ नाहीत. उकडलेल्या अंड्याचा बलक आणि नाणे बंद डब्यात ठेवतात. गॅसच्या शेगडीवर किंवा भट्टीत तापवतात. कुणी ब्लीच लावतात, कुणी आयोडीन. सर्वांत जुनी रीत आपल्याच सोनारांची : गंधकयुक्त क्षाराच्या द्रावणात बुडवणे. ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून जे काळसर दागिने बाजारात मिळतात, ते याच रीतीने होतात. त्या नावात प्राणवायू आहे पण काम गंधकाचे आहे. असे नाणे बंदुकीच्या नळीसारखे निळसर काळे, सर्वत्र एकसारखे दिसते. मग उंच भाग फडक्याने पुसून पांढरे करतात, म्हणजे जुने वाटावे. दागिन्यावर ते शोभते. नाण्यावर काळ्यापांढऱ्यातला तो विरोध फार कडक होतो. चलनात फिरलेल्या रुपयाचा राखाडी रंग पायरीपायरीने उतरतो, असा एकदम तुटत नाही. अगदी स्वस्त प्रकारात बूट पॉलिश किंवा काजळीच चोळलेली असते.

भिंगाखाली काय पाहायचे? एक, झळाळी. खरे टोनिंग मूळ वळ्यांवर बसलेले असते, म्हणून नाणे फिरवले की आरे रंगांमधून फिरताना दिसतात. रंग वर तरंगतो आहे आणि खाली काही हलत नाही असे वाटले तर आधी नाणे घासले किंवा बुडवले गेले आणि मग रंगवले गेले. दोन, रेघा. बारीक रेघांच्या आत रंग बाहेरच्यापेक्षा गडद साचला असेल तर घासणे आधीचे आणि रंग नंतरचा. तीन, अक्षरांचा पायथा. हवेतून सावकाश चढणारा रंग उंच अक्षराच्या अगदी जवळ बहुधा थोडा फिका पडतो. द्रावणाचा रंग उलट तेथेच थेंबासारखा साचतो. चार, दोन्ही बाजू आणि काठ. पडून राहिलेल्या नाण्याची एक बाजू वर, एक खाली असते, म्हणून दोन्ही बाजू अगदी सारख्या रंगणे दुर्मीळ. काठाचे दाते पांढरे आणि दोन्ही बाजू गडद, हेही संशयास्पद. आणि नाकालाही काम द्यावे. नुकतेच रंगवलेले नाणे बंद पुडीतून काढले की कधी कधी गंधकाचा वास येतो.

शुद्ध ॲसिटोनचा उपयोग होतो. चांदीला किंवा खऱ्या टोनिंगला ते काही करत नाही. पॉलिश, लाख, तेल, गोंद मात्र उतरवते. कापसाच्या बोळ्यावर काळे किंवा रंगीत काही आले तर ते टोनिंग नव्हते. नेलपॉलिश काढण्याच्या बाटलीत इतर द्रव्ये मिसळलेली असतात, ती वापरू नये. ॲसिटोन पटकन पेट घेते, म्हणून खिडकी उघडी आणि दिवाबत्ती दूर. बोळा नुसता टेकवावा, चोळू नये. परक्याच्या नाण्यावर हा प्रयोग विचारल्याशिवाय करू नये, हे सांगायला नको.

या सगळ्यात एक मधला वर्ग उरतोच. शंभर वर्षांपूर्वी घासलेले आणि पुढे कपाटात पडून निसर्गतः पुन्हा रंगलेले नाणे. रंग खरा, पण त्याखालचा पृष्ठभाग घासलेला. आंतरराष्ट्रीय प्रतवारी संस्था, उदाहरणार्थ एनजीसी आणि पीसीजीएस, अशा नाण्यांना आकडी प्रत न देता ‘घासलेले’ किंवा ‘रंग शंकास्पद’ असा शेरा देतात. आपल्या नोंदवहीतही असा शेरा लिहायला हरकत नाही. कित्येक नाण्यांबाबत ‘सांगता येत नाही’ हेच प्रामाणिक उत्तर असते.

हातोड्याची नाणी आणि जमिनीतली नाणी

मराठा राज्यांतल्या हाताने पाडलेल्या रुपयांना वरचे सारे नियम लागू पडत नाहीत. चकती ठशापेक्षा लहान, म्हणून मजकूर अर्धाच उमटलेला. बहुतेक मजकूर फारसीत, मोगल बादशहाच्या नावाचा. काठाला दाते नाहीत. फिरती झळाळी क्वचितच. पण या नाण्यांना दुसरा साक्षीदार आहे : सराफांच्या खुणा. चांदी खरी आहे का हे पाहण्यासाठी सराफ टाचणीएवढ्या छिन्नीने किंवा छोट्या ठशाने टोचा मारीत. दीडशे वर्षांपूर्वीच्या टोच्याच्या आत भोवतालाइतकाच, किंबहुना जास्तच, काळा मळ असायला हवा. टोचा आतून पांढरा चमकत असेल तर नाणे धुतले गेले आहे किंवा टोचा नवा आहे. आणि सारे नाणे पांढरे असून फक्त टोच्यातच काळे असेल तर घासणाऱ्याचे फडके तेथवर पोहोचले नाही, एवढेच. वडोदऱ्याच्या रुपयावरचे लहान नागरी अक्षर किंवा होळकरी सूर्याचे डोळे वाचता यावेत म्हणून उत्साही मंडळी ब्रश चालवतात. वाचायचेच असेल तर तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे. सावलीच अक्षर उठवते.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांचे प्रकरण निराळे. मातीतल्या, विशेषतः किनाऱ्याकडच्या मातीतल्या क्षारांमुळे चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा मेणचट करडा थर चढतो आणि मिश्रणातले तांबे हिरवे होऊन बाहेर येते. तो थर काढल्याशिवाय कधी कधी राजाचे नावही वाचता येत नाही, म्हणून संग्रहालयातला संरक्षक तो सूक्ष्मदर्शकाखाली काढतो. हे काम आम्लाच्या वाटीत नाणे टाकणाऱ्यापेक्षा वेगळे आहे. आम्लाने थर जातो आणि खाली सूक्ष्म खड्ड्यांची खरबरीत चांदी उरते, साखर सांडल्यासारखी. ती पाहिली की नाणे मातीतले होते हे कळते. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, हे विद्यार्थ्यांना सांगून ठेवलेले बरे. सापडलेला साठा जसाच्या तसा, मातीसकट द्यावा. कोणते नाणे कोणत्याला चिकटले होते यावरूनही साठ्याचा काळ ठरवायला मदत होते.

शाळेच्या आणि घरच्या संग्रहासाठी

शाळेकडे नाणी आली की पहिली इच्छा ती चकचकीत करून काचेच्या कपाटात मांडण्याची होते. तसे करू नये. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि काठाचे छायाचित्र घ्यावे, दोन दशांश स्थळांपर्यंत वजन घ्यावे, व्यास मोजावा, आणि नोंदीत पृष्ठभागासाठी वेगळा रकाना ठेवावा : न घासलेले, घासलेले, कडी काढलेले, पूजेतले, रंग शंकास्पद. देणाऱ्या घराने सांगितलेली हकीगत त्याच नोंदीत लिहावी. ‘आजीच्या माळेतला’ एवढे दोन शब्दही पुढच्या अभ्यासकाला काठावरचा डाख समजावून सांगतात.

मळ आहे म्हणून अस्वस्थ होणाऱ्यांसाठी इतकेच : सुटी धूळ साध्या शुद्ध पाण्यात नाणे बुडवून काढली आणि न चोळता मऊ कागदावर टिपून वाळवली, तर काही बिघडत नाही. त्यापुढे जाऊ नये.

ठेवण्याच्या जागेबद्दल दोन शब्द. बाजारातले मऊ, वास येणारे पारदर्शक कप्पे बहुधा पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत त्यांतून चिकट द्रव पाझरतो आणि नाण्यावर हिरवट लेप येतो. पॉलिएस्टरचे, न वास येणारे, थोडे कडक कप्पे बरे. वर्तमानपत्र, खाकी पाकीट, रबरबँड, लोकरीचे कापड यांपासून नाणी दूर ठेवावीत; त्यांतला गंधक आपण वर पाहिलाच आहे. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि ती पावसाळ्यानंतर बदलावी. नाणे नेहमी काठावर धरावे. अंगठ्याच्या घामात क्षार आणि तेल असते. त्या दिवशी काही दिसत नाही, पण काही महिन्यांनी मोकळ्या भागावर तपकिरी रेषांचा पूर्ण ठसा उमटतो, आणि तो घासल्याखेरीज निघत नाही.